अर्ध्या वाक्यात उलटलेलं पान

वाचनवाली तिसऱ्या मजल्यावर पोचली आणि शेवटच्या पायरीवरच थांबली. प्रूफकाकांच्या दारात ग्रंथपाल मॅडम उभ्या होत्या, काखेत नोंदवही घेऊन.

"सहा महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "पुस्तक चारशे बारा पानांचं. म्हटलं, बघून तरी यावं."

"काकांना सावकाश लागतं, मॅडम."

हे साफ खोटं होतं. ज्यांची दृष्टी गेलीय त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवायचं, अशी वाचनालयाची योजना होती, आणि तिचा नियम असा की एका घरी एकच पुस्तक. ते संपलं की वाचणाऱ्याची बदली दुसऱ्या घरी. माणसं एकमेकांना चिकटू नयेत म्हणे. असले नियम करणाऱ्यांच्या घरी बोलायला माणसं असतात, एवढाच त्याचा अर्थ. वाचनवाली भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायची. वहिनी वाईट नव्हती, पण दिवसभरात दोघींचं बोलणं 'दूध आलं का' आणि 'गॅस बंद केलास ना' यापलीकडे जात नसे. पंचेचाळीस वर्षांच्या बाईचा आवाज खऱ्या अर्थाने वापरला जायचा तो रोज चार ते सहा, या तिसऱ्या मजल्यावर.

पुस्तक शंभर वर्षांपूर्वीचं, नावाजलेलं. नदीकाठच्या जकात नाक्यावरचा एक नाकेदार, बायको नाही, पोर नाही. पलीकडच्या तीरावरचा एक नावाडी, तोही तसलाच. नावाडी रोज संध्याकाळी चिलमीला विस्तव मागायच्या निमित्ताने नाक्यावर येतो आणि दोन तास हलत नाही. दोघं भांडतात, एकमेकांच्या खोड्या काढतात, आणि मैत्री हा शब्द चारशे पानांत एकदाही उच्चारत नाहीत. काकांनी पहिल्याच आठवड्यात म्हटलं होतं, "ही माणसं मला ओळखीची वाटतात."

शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी वाचनवाली थबकली होती. तिने ते घरी वाचून ठेवलं होतं, म्हणून तर. शेवट वाईट होता, आणि तो वाचला की बदली. मग एके दिवशी तिने पुस्तक मांडीवर उघडं धरलं आणि मनानेच सुरुवात केली. नावाड्याला एक शेळी आणून दिली. शेळीने नाकेदाराची टोपी खाल्ली. त्यावरून दोघांचा आठ दिवस अबोला झाला. काका डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग काय, पुराचं प्रकरण आलं, नाकेदाराच्या आजारपणाचं आलं, त्यात नावाड्याने केलेली करपलेली पेज आली. दर दोन मिनिटांनी ती खोटंखोटं पान उलटायची, म्हणजे ऐकणाऱ्याला शंका नको. अडीच महिने हे असं चाललं होतं.

आणि आता मॅडम आत येऊन खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"काय म्हणतंय पुस्तक, काका?" मॅडमनी विचारलं. "मी कॉलेजात असताना वाचलं होतं. सगळं लख्ख आठवतंय."

वाचनवाली काकांच्या तोंडाकडे बघू लागली. काकांनी नुसतं 'शेळी' म्हटलं असतं तरी तिची सहा महिन्यांची अब्रू त्या फरशीवर सांडली असती. नोकरी गेली असती तर गेली असती, ते एक सोसलं असतं. पण काकांना कळलं असतं की रोज समोर बसून ही बाई आपल्याला फसवत होती. ते मात्र सोसलं नसतं.

काकांनी मान जरा तिरकी केली. "भाषा जुनी आहे हो," ते म्हणाले. "हळूहळूच जावं लागतं."

"आणि तो नाकेदार? आवडला?"

"आवडला. मित्र आला की त्याच्यावर ओरडतो, आणि तो गेला की दार लावत नाही."

हे पुस्तकातलं होतं.

"मग राहिलं किती?" मॅडमनी पुस्तक स्वतःच हातात घेतलं, खूण घातलेलं पान उघडलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "अहो, शेवटचंच तर प्रकरण! दहा पानं. होऊन जाऊ दे आज. मी बसते."

आता सुटका नव्हती. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. वाचनवालीने पुस्तक घेतलं. काका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. छापखान्यात प्रुफं तपासताना ते चाळीस वर्षं असेच बसले असणार. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि काकांनी प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं.

ती वाचू लागली. नदीवर पूल होतो. नाव बंद पडते. नावाड्याला नाक्याच्या बाजूच्या तीरावर गिरणीत काम मिळतं. संध्याकाळी तो पुलावरून घरी जाताना नाक्याच्या खिडकीतला दिवा बघतो आणि थांबतो. चिलीम तर त्याने कधीच सोडलेली असते. आता कशाला आलो म्हणून सांगायचं, असा त्याला प्रश्न पडतो आणि तो पुढे जातो. दुसऱ्या दिवशी तेच. आत नाकेदार दोन पेले मांडून बसलेला असतो. त्यालाही वाटतं, नावाड्याला आता आपली गरज उरली नाही, उगाच निरोप कशाला धाडायचा. तीन हिवाळे असे जातात. मग एका संध्याकाळी खिडकीत दिवा नसतो.

शेवटच्या पानावर तिचा आवाज फाटला. खोकल्याचं निमित्त करून तिने कसंबसं वाक्य पुरं केलं. काकांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. फक्त एक हात गुडघ्यावरून उचलून त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती.

"छान," मॅडम म्हणाल्या आणि त्यांचा फोन वाजला. त्या बोलत बोलत बाहेर जिन्याशी गेल्या.

"काका," वाचनवाली कुजबुजली, "मी तुम्हाला..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शेळी तुझी. पूर तुझा. पेजही तुझीच." काका आवाज खाली ठेवून बोलत होते, पण त्यात धार होती. "छापलेल्या पुस्तकात पान कधी वाक्य पुरं झाल्यावर संपतं का गं? शंभरातलं एखादं. बाकी सगळी अर्ध्यावर तुटतात. वाचणारा तोंडातलं वाक्य तसंच धरून पान उलटतो. आज उलटलीस तशी. अडीच महिने तू मात्र पूर्णविराम देऊन, श्वास घेऊन, मग सावकाश पान उलटायचीस. चाळीस वर्षं दुसऱ्याचं वाचणं ऐकलंय मी. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुस्तक संपलं असतं. आणि राग आला होता. मला लहान पोर समजलीस, म्हणून. राग यायचा आणि चार वाजले की जायचा. आज तर नाकेदार मेलासुद्धा. तुझा तो आजारातून बरा झाला होता."

तिला रडू आलं. ती काही बोलणार तेवढ्यात मॅडम परत आल्या. त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं, वहीत तारीख घातली आणि म्हणाल्या, "उद्यापासून स्टेशनामागच्या आजी. वेळ दुपारी एक ते तीन. चला, मी सोडते तुम्हाला."

"मॅडम, अजून एखादं पुस्तक इथे..."

"नियम म्हणजे नियम. काकांकडे दुसरी कुणी येईल."

काका उठून उभे राहिले. "बरं," ते म्हणाले. "बरं वाचलंस." 'पुन्हा ये' म्हणाले नाहीत. तिनेही 'येऊ का' विचारलं नाही. विचारायचं कोणत्या तोंडाने? ती मॅडमच्या मागोमाग जिना उतरली. खाली पोचेपर्यंत मॅडम त्या आजींना कोणती पुस्तकं आवडतात ते सांगत होत्या, आणि तिला एक अक्षर कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्टेशनामागच्या आजींना पाककृतींचं पुस्तक वाचून दाखवून झालं तेव्हा तीन वाजले होते. वाचनवाली घराच्या दिशेने निघाली. चौकात उभी राहिली. काकांकडे जायचं तर सांगायचं काय? पुस्तक जमा झालं होतं, काम संपलं होतं, छत्री विसरली म्हणावं तर पाऊसही नव्हता. एक रिक्षावाला दोनदा थांबून विचारून गेला. पाय घराकडे दहा पावलं गेले आणि तिला स्वतःचाच असा संताप आला की ती भर रस्त्यात गर्रकन वळली.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. काका खुर्चीत बसले होते, समोरच्या खुर्चीकडे तोंड करून.

"कोण?"

"मी आहे, काका."

"पुस्तक आणलंस?"

"नाही."

"मग कशाला आलीस?"

"सहज," वाचनवाली म्हणाली आणि बसली.