मालकाची सही

नीलाने रेक्झिनच्या ताग्यावर कात्री चालवली, तेवढ्यात विक्रीकर खात्याचा इन्स्पेक्टर गाळ्याच्या दारात येऊन उभा राहिला.

"मालक आहेत?"

नलिनीताईंनी शिलाईमशीन थांबवलं नाही. "बाहेर गेलेत. मालासाठी."

"मागच्या खेपेलाही बाहेरच होते." श्यामकांत इन्स्पेक्टर स्टूल ओढून बसले. माणूस वाईट नव्हता. घाटकोपरच्या या गल्लीत तो कुणाकडे चहाच्या पलीकडे काही मागत नसे.

नीलाने मान खाली घातली. ताईंचे यजमान दशरथराव रेक्झिन बघायला सुरतेला गेले, ते एक्क्याऐंशी सालापासून परतलेच नव्हते. हे तिला नलिनीताईंनीच सांगितलं होतं. तेव्हापासून दप्तरं शिवायचा हा धंदा नलिनीताई एकट्या ओढत होत्या. विक्रीकराचा नंबर दशरथरावांच्या नावावर, म्हणून कागदांवर सहीही त्यांचीच लागायची. नीला मात्र ते सुखरूप परत यावेत म्हणून मंगळवार धरत होती.

इन्स्पेक्टरांनी जुनं विवरणपत्र आणि ताईंनी नुकतंच फाडलेलं बिल शेजारीशेजारी ठेवलं. सहीतला 'द' आणि बिलावरच्या 'दप्तर'मधला 'द' सारखेच वळलेले.

"बाई, ही सही कोणाची?"

मशीन थांबलं.

"माझी."

"साहेब, कर एकदाही चुकला नाही हो!" नीला पुढे झाली. "नंबर गेला तर दुकानदार आमचा माल उचलायचे नाहीत. शाळा उघडायला आल्यात. इथं शिवायला येणाऱ्या बायकांनी जायचं कुठे?"

"कर वेळेवर भरलाय, ते लिहीन ना. पण दुसऱ्याच्या नावाने सही केली, तेही लिहावं लागेल. दंड होईल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "बाई, तुमच्या नावाने नवा नंबर काढा. मी स्वतः अर्ज पुढे सरकवतो. फक्त जुना नंबर त्यांनी सही करून सोडायला हवा. आहेत कुठे ते?"

"बेपत्ता आहेत," नीलाच म्हणाली.

"मग पोलिसांत तक्रार दिली असेल. तो कागद चालेल."

नलिनीताई हातातल्या दप्तराचे सुटे दोरे तोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "नीला, चहा सांगून ये गं."

नीला उंबऱ्यापर्यंत गेली. मागून ताईंचा आवाज आला, नेहमीसारखाच, गिऱ्हाइकाला भाव सांगावा तसा.

"तक्रार दिलेली नाही, साहेब. पत्ता लिहून घ्या. कुर्ला, स्टेशनच्या पूर्वेला. पिंपळाच्या पाराला लागून चाळ आहे, तिथं वरच्या मजल्यावर शेवटची खोली. माणूस दुपारी पाठवू नका. दुपारी ते मुलीला बालवाडीतून आणायला जातात."

इन्स्पेक्टरांचं पेन कागदावर टेकून तसंच राहिलं. त्यांनी वर पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते लिहू लागले.

"सही देतील?" त्यांनी हळूच विचारलं.

"देतील. मी कधी काही मागितलं नाही त्यांच्याकडे."

नीला पायऱ्या उतरून गल्लीत आली. टपरीवाल्याने विचारलं, "किती?" तिला एकदम आठवेना, आत माणसं किती आहेत. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. ती मग तिथल्या बाकड्यावर टेकली. वर मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज आला, तरी ती उठली नाही.