उद्योजकता क्लबची हजेरी

व्यवसाय शिकवणाऱ्या त्या संस्थेत उद्योजकता क्लबचा दरारा असा, की समोरून क्लबवाले दिसले की नृत्य क्लबची पोरं जिना बदलायची. क्लबला अध्यक्ष होता, दोन उपाध्यक्ष होते, चिटणीस होती, बोधचिन्ह होतं, बोधवाक्य होतं आणि काचेच्या भिंतींची स्वतःची खोली होती. नव्हता तो फक्त उद्योजक. पण बाकी थाट इतका होता की त्याची उणीव कोणाला भासत नव्हती.

अध्यक्षाला सगळे चेअरमन म्हणत. मामाने एकदा थट्टेत म्हटलं आणि भाच्याने ते मनावर घेतलं. पोरगा मात्र कष्टाळू. सभेची सूचना काढायची, सभा घ्यायची आणि त्या सभेत पुढच्या सभेची तारीख ठरवायची, यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नोकरीच्या मुलाखती तोंडावर आल्या होत्या आणि त्याच्या बायोडेटात दाखवण्यासारखी ओळ एकच होती: अध्यक्ष, उद्योजकता क्लब. ती खोडली तर खाली छंद उरत होते, वाचन आणि पोहणे, आणि पोहता त्याला येत नव्हतं.

अशात डायरेक्टर सरांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"पंख्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाई येताहेत," सर म्हणाले. "तुमची खोली त्यांच्याच देणगीतली. त्यांना भाषण नको, स्लाइड नको. विद्यार्थ्याचा एक चालू धंदा बघायचाय."

"सर, कल्पनेच्या पातळीवर चालू असला तर?"

"चालू म्हणजे चालू! नसेल तर खोली नृत्य क्लबला आणि तुमचा क्लब बंद. ते निदान नाचतात तरी."

चेअरमनने तातडीची सभा बोलावली. थोरल्या उपाध्यक्षाकडे ॲप होतं, पण ते कशासाठी वापरायचं हे ठरायचं होतं. धाकट्याकडे मोठं नाव होतं, त्याला साजेसा धंदा तो शोधत होता. सगळ्यांनी मिळून आधी समस्येची व्याख्या करावी असा ठराव होत असताना चिटणीस हळूच म्हणाली, "धंदा करणारी एक होती आपल्यात. आपण तिला काढलं."

सगळे आपापल्या फोनमध्ये बघू लागले.

ती होती बिट्टी. चेअरमनची सख्खी आतेबहीण, त्याच्याहून एक वर्ष मागे. पोरीने पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं की या संस्थेत पुस्तकावाचून भागतं, पण ब्लेझरवाचून पान हलत नाही. सादरीकरणाला ब्लेझर, मुलाखतीला ब्लेझर, पाहुणे आले की ब्लेझर. तिने जुने ब्लेझर मिळवले, उसवले, बेतले आणि भाड्याने द्यायला लागली. दुपारी कोट बाहेर जायचे, संध्याकाळी परत यायचे, आणि नेमक्या त्याच वेळी क्लबच्या सभा असायच्या. नियम पंचाहत्तर टक्के हजेरीचा. बहीण म्हणून सोडलं तर लोक म्हणतील आपला तो बाब्या, या भीतीने चेअरमनने ठराव स्वतः मांडला. उद्योजकतेबद्दल पुरेशी आस्था नाही, असं कारण दिलं. त्या ठरावाला वर झालेल्या बहुतेक हातांवर बिट्टीच्याच ब्लेझरच्या बाह्या होत्या. ठराव मांडणाराही तिच्याच ब्लेझरमध्ये होता.

त्यानंतर आत्याने त्याच्या फोनला उत्तर देणं सोडलं. बिट्टीने त्याला कोट देणं थांबवलं नाही, पण इतर गिऱ्हाइकांसारखं रांगेत उभं करून दिला. ते त्याला जास्त लागलं होतं.

आता गरज पडल्यावर त्याच रांगेत तो उभा राहिला. एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत तिचं दुकान होतं. दांड्यांवर कोट लटकलेले, टेबलावर खडू, कात्री, आणि इस्त्रीच्या वाफेने खिडकी धुरकटलेली. तिने वर न बघताच विचारलं, "कधीसाठी हवाय?"

"कोट नकोय. तू हवी आहेस," तो म्हणाला, आणि डायरेक्टर सरांपासून सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे ऐन वेळी बहीण आठवली?"

"चुकलो, बिट्टे. पण क्लब गेला तर मुलाखतीत काय तोंड दाखवू?"

"मला काढताना हे तोंड कुठे होतं, दादा?"

तो खाली मान घालून उभा राहिला. लहानपणापासून ही मान अशी खाली गेली की बिट्टी विरघळायची, आणि ती याही वेळी विरघळली, स्वतःवर चिडत चिडत.

"येते. पण खोटं बोलणार नाही, आधीच सांगते."

"खोटं नको गं. फक्त क्लबबद्दल काहीतरी चांगलं बोल."

बाई आल्या त्या दिवशी सभागृह भरलं होतं. बाई बुटक्या, आवाज मात्र कारखान्यात कमावलेला. हार-तुरे त्यांनी बाजूला सारले आणि बिट्टीला थेट प्रश्न विचारायला सुरुवात केली. कोट कुठून आणतेस, डाग पडला तर काय करतेस, परत न देणाऱ्याचं काय करतेस? बिट्टीने पटापट उत्तरं दिली. बाई खूश. पहिल्या रांगेत डायरेक्टर सर असे बसले होते, जणू त्यांनीच ते कोट शिवले होते.

"आणि या सगळ्यात क्लबची मदत काय झाली?" बाईंनी विचारलं.

बिट्टीने जरा विचार केला. खोटं बोलायचं नव्हतं आणि चांगलंही बोलायचं होतं.

"फार मोठी मदत झाली," ती म्हणाली. "क्लबने मला काढून टाकलं. त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळाली आणि धंदा दुप्पट झाला."

बाई चेअरमनकडे वळल्या. "हे खरं आहे का?"

बायोडेटातली एकुलती एक ओळ जाणार होती, सगळं जाणार होतं. पण समोर बिट्टी उभी होती आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, की दादा आता काय बोलतो. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"खरं आहे," तो म्हणाला. "तिला मीच काढलं."

तेवढ्यात डायरेक्टर सर उठले. तीस वर्षं संस्था चालवणारा माणूस तो, बुडत्या जहाजालाही रंग देऊन विकेल. "बाईसाहेब, हीच आमची पद्धत," ते हसून म्हणाले. "पोर तयार झालं की आम्ही त्याला क्लबबाहेर काढतो. पिल्लाला घरट्यातून ढकलावं तसं."

बाईंनी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. खोली वाचली, क्लब वाचला, आणि बाईंनी आणखी एका खोलीचे पैसे जाहीर केले.

मग जे सुरू झालं त्याला नाव नाही. दुसऱ्या दिवसापासून सभासद चेअरमनच्या मागे लागले, की आम्हालाही काढा. बायोडेटात आता "क्लबमधून निष्कासित" या शब्दांना सोन्याचा भाव आला होता. निष्कासन समिती नेमली गेली. थोरला उपाध्यक्ष वशिला लावून पहिल्याच फेरीत निघाला, धाकटा रुसून बसला. निष्कासितांना नव्या खोलीत निरोप, गुलाबाचं फूल आणि प्रमाणपत्र. प्रमाणपत्रावर सही अर्थातच चेअरमनची. निघालेल्यांपैकी कोणी धंदा सुरू केल्याचं ऐकिवात नव्हतं, पण मुलाखतींत मात्र ते एकामागून एक निवडले जात होते.

शेवटी मुलाखतीला चेअरमनची पाळी आली. समोरच्या गृहस्थांनी बायोडेटा खालीवर पाहिला.

"अध्यक्ष होतात. छान. तुम्हाला कधी काढलं?"

"मला नाही काढलं, सर."

"का बरं? अजून तयार नाही झालात?"

गृहस्थ हळहळले, चहा पाजला आणि नकार दिला.

तिथून तो सरळ बिट्टीकडे गेला. ती एका कोटाची बाही उसवत होती. तिने स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं आणि त्याची सगळी रडकथा शांतपणे ऐकली. मग म्हणाली, "दादा, एक विचारू? तुला काढायचं कोणाच्या हातात आहे?"

"माझ्याच."

"मग ये की बाहेर. आईसुद्धा परवा विचारत होती तुला. माझा व्याप वाढलाय, दांड्यांची एक ओळ तू सांभाळ. किंवा स्वतःचं काहीतरी कर. तुझ्या डोक्यात शाळेपासून काही ना काही असतंच की."

असायचं खरं. त्याला आठवू लागलं, त्यातलं एक तर अगदी करण्यासारखं होतं. त्याने सांगायला तोंड उघडलं. बिट्टीने कात्री बाजूला ठेवली आणि ऐकायला त्याच्याकडे वळून बसली.

एवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. चिटणीस होती. निष्कासन समितीची सभा सुरू व्हायची होती, सगळे जमले होते, फक्त अध्यक्षांची वाट बघत होते.

"आलोच," तो म्हणाला, आणि उठला.