सुनेचा तिसरा महिना

कांद्याच्या रोपाची चौथी सरी संपत आली आणि सून पुन्हा बांधाकडं पळाली. सकाळपासूनची ही तिसरी खेप. पोटात होतं-नव्हतं ते टाकून ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली.

"झालं का महाराणींचं?" सासूनं वाकल्या वाकल्याच विचारलं. "का अजून दोन घास शिल्लक आहेत?"

"वास येतोय, आई."

"कसला?"

"मातीचा."

आता मात्र सासू सरळ झाली. कमरेवर हात ठेवून तिनं आजूबाजूच्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ऐका गं! शेतात हिला मातीचा वास येतोय. अत्तर शिंपायचं राहिलं बघा आपलं!"

बायका खुदखुदल्या. सून मुकाट्यानं सरीत येऊन बसली.

या सासूला गावात तोफ म्हणत. तोंडावर नाही; एवढा जीव नकोसा कुणालाच झाला नव्हता. तोफेला जगात बरं असं काही दिसायचंच नाही. शेजारणीचा स्वयंपाक अळणी, सरपंच बुळा, आणि हल्लीच्या पोरी म्हणजे नुसता कापूस. सुनेला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तोफ एवढंच म्हणाली होती, "गेले तर गेले. लावणी थांबायची नाही."

मुलगा ट्रकवर. पंधरा-पंधरा दिवस घर बघायचा नाही. त्यानं फोन केला, "आई, पहिल्या तपासणीला तू जा तिच्याबरोबर."

"का? तिला काय वाट सापडत नाही?"

"जा गं. डॉक्टरनं सांगितलेलं तिच्या लक्षात राहायचं नाही."

"आजारी नाही, काही नाही, आणि डॉक्टर कशाला? गाभण शेळीला कुणी कार्ड काढून देतं का?"

पण गेली. एकटी सोडली तर सून दिवसभर झाडाखाली बसून येईल, असा तिचा हिशेब.

दवाखाना पलीकडच्या गावात. व्हरांड्यात एक बाकडं, त्याचा एक पाय आखूड. बायका उठल्या-बसल्या की ते डगमगायचं. तोफेनं भिंतीवरची चित्रं बघून नाक मुरडलं, वजनकाट्याला शिव्या दिल्या, आणि बोटाला सुई टोचताना सुनेनं डोळे मिटले तेव्हा म्हणाली, "सुईला घाबरते! आणि ही बाळंत होणार!"

आतली नर्सबाई चाळिशीच्या काचेआडून कार्ड भरत होती. मान वर न करता बोलायची तिची रीत.

"वजन एक्केचाळीस. रक्त आठ. फार कमी आहे. या लाल गोळ्या, रोज एक, चुकवायची नाही. जड उचलायचं नाही. दिवसभर वाकून काम बंद. महिन्यानं मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी."

"बास की," तोफ म्हणाली. "पलंग पण देता का सरकारी? अहो बाई, मी पाच बाळंतपणं काढली. गोळी नाही, सुई नाही. एकदा तर दुपारी कळा आल्या, तेव्हा विळा माझ्या हातात होता. चौथ्या दिवशी परत शेतात. आम्हाला नाही कुणी रक्त मोजून दाखवलं."

बाकड्यावरच्या बायका कौतुकानं ऐकू लागल्या. तोफेला हुरूप आला. एवढ्यात नर्सबाईनं सवयीनं पुढचा प्रश्न विचारला.

"पाच. त्यातली हयात किती?"

"म्हणजे?"

"जिवंत किती आहेत?"

तोफेनं भिंतीकडं पाहिलं, मग आपल्या तळहाताकडं.

"दोन," ती म्हणाली.

नर्सबाईची लेखणी कार्डावर टेकली आणि तिथंच थांबली. हे कार्ड या बाईचं नव्हतंच. "राहू दे," ती हळू आवाजात म्हणाली आणि पहिल्यांदाच मान वर केली. पण तोवर तोफ गोळ्यांची पाकिटं पिशवीत कोंबून बाहेर पडली होती.

गेलेल्या तिघांतलं सुनेला एकच ठाऊक होतं, चार दिवसांचं होऊन गेलेलं. बाकीच्या दोघांचा विषय या घरात कुणी कधी काढला नव्हता. रस्त्यात धीर करून ती म्हणाली, "आई, तीन..."

"पाय उचल. जीप जाईल."

दुसऱ्या दिवशी सून सरीत बसायला लागली तशी तोफ खेकसली, "ऊठ तिथून! तुझी सरी बघून माझं डोकं उठतंय. साप गेल्यासारखी वाकडी. जा, सावलीत बसून रोपं निवड." रात्रीचं जेवण झालं की, "गिळलीस गोळी? तोंड उघड. जीभ वर कर. ठकवशील मला!"

"काय, सुनेचे लाड चाललेत वाटतं?" शिंपिणीनं एकदा खोचकपणे विचारलं.

"तुझ्या शिलाईसारखी तिची लावणी. निस्तरणार कोण?"

महिनाभरानं दोघी मोठ्या दवाखान्यात गेल्या. पहाटे निघाल्या, तरी दुपारपर्यंत नंबर आला नाही. दारावरच्या माणसानं हात झटकले. "आजचे संपले. पुढच्या सोमवारी."

"सोमवारी तू येतोस का आमचं शेत बघायला?"

"मावशी, नियम आहे."

"नियम तुझा, पोट हिचं." तोफ दाराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. "लाव आता दार. माझ्यासकट लाव."

आतून डॉक्टरनं विचारलं, कसला गोंधळ आहे. पाच मिनिटांत सून टेबलावर आडवी होती. "नातेवाईक बाहेर," डॉक्टर म्हणाला. पोरगेलासा होता, मिशी नुकती जमत आलेली.

"मी बाहेर बसायला आले नाही."

त्यानं नाद सोडला. पडद्यावर राखाडी धुकं हललं. "हे डोकं. आणि हे लुकलुकतंय ना, ते हृदय." त्यानं एक बटण दाबलं आणि खोलीभर आवाज घुमला, घोडं उधळल्यासारखा.

सून रडायला लागली. तोफ पडद्याच्या अगदी जवळ गेली.

"एवढं जोरात? काही बिघडलंय का?"

"नाही. असंच असतं. छान आहे."

"आणि बिघडलं असतं तर कळलं असतं?"

"बऱ्याचदा कळतं, मावशी."

"मग काही करता येतं?"

"बऱ्याचदा येतं."

तोफेनं त्या यंत्राला वरपासून खालपर्यंत पाहिलं, सरपंचाला बघायची तसं.

"मग माझ्या वेळी कुठं लपवून ठेवलं होतंत हे?"

डॉक्टर तिच्या मुलापेक्षाही लहान होता. तो मशीनच्या वायरीशी उगीच चाळा करत राहिला. तोफेनं हातातल्या फडक्यानं सुनेच्या पोटावर तपासणीसाठी लावलेला चिकटा पुसला, खरकटं भांडं पुसावं तसा खसाखसा, आणि मग एकदा अगदी हळू.

"आटप आता," ती म्हणाली. "का इथंच बाळंत व्हायचंय?"