जब्बारभाऊंनी थांबवलेलं अपडेट

पिंपळनेरच्या एसटी स्टँडसमोर जब्बारभाऊंचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. त्याआधी ते शिलाई मशीनं दुरुस्त करत, आणि त्या धंद्यातलं एक तत्त्व त्यांनी इकडेही आणलं होतं: चालत्या मशीनला पेचकस लावायचा नाही. एकदा ब्राउझर आपणहून अपडेट झाला आणि अंगठा घ्यायचं यंत्र मुकं झालं. पेन्शनवाले बाकावर बसून भाऊंच्या सात पिढ्यांची विचारपूस करून गेले. तेव्हापासून भाऊंनी अपडेट कायमचं बंद करून टाकलं. यंत्र सुखात, गाव सुखात.

दुसरी सोय गावानंच केली होती. पासवर्ड लक्षात ठेवायचं काम डोंगराकडच्या माणसांनी भाऊंवर सोपवलं, भाऊंनी ते ब्राउझरवर. जतन करू का, असं तो अदबीनं विचारायचा. अदबीनं विचारणाऱ्याला भाऊ नाही म्हणत नसत.

त्या सकाळी डोंगराकडचा खाज्या लेकीला घेऊन आला. सुनिताला नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायची होती आणि मुदत संध्याकाळी संपत होती. भाऊंनी तिचं खातं उघडायला घेतलं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा टाकला, पुन्हा चुकीचा. त्यांनी हळूच स्वतःचा मेल उघडून पाहिला. तोही उघडेना.

"सर्व्हर डाऊन आहे," भाऊ म्हणाले.

हे वाक्य आपल्याकडे गारपिटीसारखं मानून घेतात. कोणी केलं म्हणून विचारत नाहीत. खाज्यानं निवांतपणे भाकरीचं फडकं सोडलं. भाऊंनी दुकानामागे जाऊन भाचीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. जीनत धुळ्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत होती.

"मामू, ब्राउझर शेवटचा अपडेट कधी केला?"

"दोन वर्षं झाली. छान चालतोय."

"दार उघडं असलं की ये-जा छानच चालते. अहो, महिन्याकाठी नवा येतो तो. मधे आठवड्याला डागडुजी."

"एवढं उसवतं कसं? आधीच नीट शिवत नाहीत?"

"एवढं मोठं कापड आहे, उसवण रोज कुठेतरी सापडते. आणि ठिगळ बाहेर आलं की चोर ते जुन्याशी ताडून बघतात. ठिगळ कुठे, त्यावरून भोक कुठे ते कळतं. ज्यानं लावलं तो वाचला. तुमचं भोक मात्र जगजाहीर."

भाऊंनी मागच्या दारातून मशीनकडे वाकून पाहिलं.

"पासवर्ड तिथूनच गेले का ते बघावं लागेल," जीनतचा आवाज उतरला. "पण त्या मुलीला मूळ कागद घेऊन इथल्या मदत केंद्रावर पाठवा. आत्ताची बस मिळाली तर खातं परत मिळेल. काय झालं ते तिनं खरं सांगायला हवं, नाहीतर परत पाठवतील."

भाऊ पुढे आले. बाक भरला होता, आणि बाकावरच्या प्रत्येकाचा पासवर्ड त्याच मशीनमध्ये होता. धुळ्याचा सर्व्हर चालू आहे, एवढंच सांगितलं असतं तर खाज्या निघालाही असता. पण मदत केंद्राच्या खिडकीवर पोरीनं काय सांगायचं?

"खाज्या, सर्व्हर धड आहे. चोरी झाली. माझ्या मशीनमधून."

"काय गयं?"

"पासवर्ड. बहुतेक सगळ्यांचे."

खाज्याचा घास हातात राहिला. "पण तू त कुलूप लायी ठेवेल व्हतं ना?"

"जुनं होतं. मूळ कागद घेऊन धुळ्याच्या मदत केंद्रावर जा, आणि झालं तेच सांगा."

सुनितानं एव्हाना कागद पिशवीत घातले होते. "बाबा, बस लागेल शे," ती स्टँडवर उभ्या बसकडे बघत म्हणाली. भाऊंकडे तिनं पाहिलं नाही.

बस गेल्यावर भाऊंनी अपडेट लावलं. चहा थंड व्हायच्या आत झालं. अंगठ्याचं यंत्र तक्रार न करता चाललं. एवढ्यासाठी त्यांनी दोन वर्षं पहारा दिला होता.

बाकावरचं मात्र कोणी हललं नाही. दुपार कलली तेव्हा सुनिताचा फोन आला. खातं मिळालं, पसंती भरून झाली. भाऊंनी सवयीनं की-बोर्ड ओढला.

"नवा पासवर्ड सांग बेटा, जपून ठेवतो."

"नको भाऊ. तो मना जोडेच राहू द्या."

फोन ठेवला. बाकावरची भिकुबाई उठून जवळ आली. तिची पेन्शन त्या मशीनमधून यायची.

"मनाबी पासवर्ड बदलाना शे," ती म्हणाली. "पण माले लिखता येत नही. तूच ठेव काहीतरी."

भाऊंची बोटं की-बोर्डवर तशीच राहिली.