केशराची खरवड

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. पोट सुटलंय, एक कान वाकलाय आणि बुडाला इतके पोचे आहेत की मी आता सरळ बसतही नाही. पण ऐन उमेदीत माझ्यात अख्खी दोन बोकडं शिजत असत, आणि वर गहू घोटायला आचाऱ्याला शिडी लागे. थोडी फुशारकी मारतोय, पण म्हाताऱ्याला तेवढी मुभा असावी.

माझा जन्म तुर्कस्तानातल्या सिवास शहराच्या तांबट गल्लीतला. तिथल्या एका आर्मेनियन तांबटाने मला ठोकून ठोकून आकार दिला. तो प्रत्येक घावाला आपल्या संतांचं नाव घेई आणि बोटावर हातोडा बसला की वेगळंच काहीतरी घेई. मला मागवलं होतं सेल्जुक सुलतानाच्या आईने. तिने कैसेरीच्या वाटेवर एक दगडी सराई बांधली होती आणि दानपत्रात लिहून ठेवलं होतं की या दारात येणारा मुसलमान असो, ख्रिस्ती असो, यहुदी असो, मालक असो की गुलाम, त्याला तीन दिवस एकाच हंड्यातलं, एकसारखं जेवण मिळावं. तो एकच हंडा म्हणजे मी! ज्या दिवशी मला चुलीवर चढवलं, त्या दिवशी माझी छाती अभिमानाने फुगली होती, ती पुढे पोटात उतरली.

किती वर्षं मी शिजत होतो! तब्रीझचे रेशीमवाले, अलेप्पोचे मिरीवाले, जिनोव्याचे गोरे खलाशी, मक्केहून परतणारे, जेरुसलेमला निघालेले, सगळ्यांची भूक मी पाहिली. आणि सांगतो, भूक लागल्यावर सगळे सारख्याच आवाजात विचारतात, "झालं का हो?"

पण नुसतं वापरून घेतलं तर भांडंही थकतं. माझ्या आतली कल्हई झिजली, तांबं उघडं पडलं, कडेने हिरवा कळकट डाग चढू लागला. कारभारी म्हणत, पुढच्या वर्षी बघू. आमचा आचारी तुर्मुश मात्र रोज मला राख लावून घासायचा आणि बडबडायचा, "अरे बाबा, तुझ्यामुळे एखादा पाहुणा मेला तर सुलतानाची आई स्वर्गातून येऊन माझे कान उपटेल." मला फार वाईट वाटे. पोटात विष घेऊन कोण सुखाने जेवू घालील?

त्या हिवाळ्यात बर्फाने वाट बुजली आणि एक वऱ्हाड सराईत अडकलं. सिवासचा तांबट खाचिक आपल्या लेकीला, शूशानला, लग्नासाठी कैसेरीला नेत होता. खाचिकने मला पाहिलं, कानावरचा ठसा चोळला आणि एकदम ओरडला, "शूशान, इकडे ये! हा तर आपल्या पणजोबांच्या हातचा! काय दशा केलीय बघ याची!"

बापलेकीने बाह्या सरसावल्या. मला तापवलं, आत नवसागर टाकला, कथील वितळवलं आणि कापसाच्या बोळ्याने फिरवलं. धुराने शूशानच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "बाबा, नवरीने मेंदी लावायची सोडून कल्हई लावलीय!" संध्याकाळी मी आतून चंद्रासारखा लखलखत होतो. मित्रांनो, तो दिवस आठवला की अजून अंगात ऊब येते.

शूशानला घाई होती, तिचं कारण तुम्हाला सांगतो. रविवारनंतर त्यांचे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे, चाळीस दिवसांचे मोठे उपवास सुरू होणार होते. उपवासांत लग्न लागत नाही. आणि उपवास संपेपर्यंत तिचा होणारा नवरा सिनोपच्या बंदरातून जहाजाने काळ्या समुद्रापार जाणार होता, तो दोन वर्षांनी परतणार. कैसेरी दोन मुक्कामांवर. शुक्रवारी सकाळी निघालं तरच शनिवारी पोचणार.

देवाची कृपा, गुरुवारी वाट मोकळी झाली. अशा वेळी आमच्या सराईत एक रीत होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी प्रत्येकाने आपल्या मालातलं थोडंसं काहीतरी माझ्यात टाकायचं. मात्र एकेकट्याने यायचं, झाकण उचलायचं, टाकायचं आणि जायचं. आचारी तोंड फिरवून उभा राहणार. कारण एखाद्याकडे चिमूटभर मीठच असतं, त्याला लाज वाटायला नको. कोणी काय टाकलं ते फक्त मला ठाऊक.

अलेप्पोच्या म्हाताऱ्या यहुदी व्यापाऱ्याने, एल्याकिमने, मलबारची मिरी टाकली. एका खलाशाने सुकी अंजिरं टाकली, ती मटणात काय करत होती देव जाणे. शूशानने आपल्या फराळातले आक्रोड टाकले. आणि मग आले तब्रीझचे ख्वाजा बहरूज, केशराचे मोठे व्यापारी. सर्दीने नाक चोंदलेलं, पण रुबाब कायम. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि एक अख्खी चामडी पिशवी माझ्यात उपडी केली.

मी दचकलोच! एवढं केशर? मला वाटलं, काय हा दानशूर माणूस! पण ख्वाजा स्वतःशी पुटपुटले, "करडईच्या पाकळ्याच तर आहेत. रंग चढला की झालं. लोक म्हणतील, ख्वाजाने केशर घातलं."

त्यांच्याकडे सारख्याच दोन पिशव्या होत्या, मित्रांनो. एकीत अस्सल केशर, दुसरीत करडईच्या पाकळ्या. या पाकळ्या त्यात का मिसळत, ते तुम्ही ओळखलं असेलच. आणि नाक बंद असल्याने त्यांनी चुकीची पिशवी उचलली होती. मी ओरडून सांगणार तरी कसा?

त्या संध्याकाळचं जेवण! गहू आणि मटण एकजीव झालेलं, सोन्यासारखं पिवळं, सगळी सराई घमघमत होती. उंटवालेसुद्धा बोटं चाटत होते. जो तो ख्वाजांना म्हणे, "ख्वाजासाहेब, हे तुमचंच काम!" आणि ख्वाजा छातीवर हात ठेवून मान लववत, "चिमूटभरच हो, चिमूटभर." स्वतः मात्र एक घासही खाल्ला नाही. खैरातीचं अन्न त्यांना कमीपणाचं वाटे.

शुक्रवार उजाडला. आमच्या सराईचा दरवाजा रात्री बंद झाला की सकाळी असाच उघडत नसे. सरायदार हाजी सुंगुर चौकात उभा राहून विचारायचा, "मंडळी, सगळ्यांचा माल जागेवर आहे का?" एकेकाने "माझा माल जागेवर आहे" म्हणायचं. शेवटच्याने म्हटल्याशिवाय अडसर निघायचा नाही. शूशान गाढवावर बसून तयार होती, गाल थंडीने लाल झालेले.

आणि ख्वाजा किंचाळले, "माझं केशर! चोरी झाली! पिशवीत करड... पिशवी गायब आहे!"

दार बंदच राहिलं. सामान उचकटणं सुरू झालं. उंटांची खोगिरं उलटली, जिनोव्याच्या खलाशाचे बूटसुद्धा झटकले. सूर्य भिंतीवर चढू लागला. खाचिक वर बघून पुटपुटत होता. आता निघाले नाहीत तर अंधाराआधी पुढची सराई गाठणं शक्य नव्हतं, आणि वाटेत लांडगे होते.

तेवढ्यात ख्वाजांची नजर शूशानच्या हातांवर गेली. "हिची बोटं बघा! पिवळीधमक! चोर सापडली!"

सगळे वळून तिच्या बोटांकडे बघू लागले. शूशानचा चेहरा पांढराफटक पडला. चोरीचा बट्टा लागलेली नवरी कुठल्या तोंडाने सासरी जाणार? माझ्या नव्या कल्हईला घाम फुटायचा तेवढा बाकी होता.

"मी... मी खरवड खाल्ली," ती म्हणाली. "पहाटे. लहानपणापासून आवडते मला."

"खरवड म्हणे! नवरी मुलगी काय हंड्याच्या बुडाशी बसते?"

"मी दिली तिला," तुर्मुश पुढे आला. "तिनेच कल्हई केली, तिचा पहिला मान. अजून आहे अर्धी. मी घासलेलं नाही."

हाजी सुंगुर माझ्याकडे आला आणि अर्धा माझ्यात वाकला. त्याच्या दाढीने मला अशा गुदगुल्या झाल्या! मग माझ्या पोटातून त्याचा आवाज घुमला, "ख्वाजा, जरा इकडे या."

नव्या पांढऱ्या कल्हईवर खरवड चिकटली होती आणि तिच्यात लाल काड्या स्पष्ट दिसत होत्या. चिमूटभर नव्हेत, झुपकेच्या झुपके. जुना कळकटपणा असता तर काही दिसलंही नसतं.

"ख्वाजा," सुंगुर म्हणाला, "चिमूट तुमची बरीच मोठी दिसते."

"पण मी तर करडई..." ख्वाजांनी जीभ चावली. उशीर झाला होता.

म्हातारा एल्याकिम डोळे बारीक करून म्हणाला, "केशराच्या व्यापाऱ्याला करडई कशाला लागते हो? आम्हालाही शिकवा की!"

चौक हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. ख्वाजांचं तोंड उतरलं. हंगामाचं केशर एका जेवणात संपलं होतं, मलाही त्यांची दया आली. आणि अडचण तशीच होती. रिवाज होता तो होता. ख्वाजांनी स्वतःच्या तोंडाने म्हटल्याशिवाय अडसर निघणार नव्हता, आणि ते मान खाली घालून मुकाट उभे होते.

शूशान गाढवावरून उतरली. तिने उरलेली खरवड काढली, लोण्यावर गरम करून घेतली आणि वाडगा त्यांच्यापुढे धरला. "काका, काल तुम्ही जेवलाच नाहीत. सगळ्यांनी खाल्लं, तुम्हीच राहिलात."

वाफ नाकात गेली आणि ख्वाजांना अशी सणसणीत शिंक आली की कबुतरं उडाली. नाक मोकळं झालं. त्यांनी एक घास घेतला. मग दुसरा. चावता चावता थांबले. "आयुष्यभर विकलं मी हे," ते हळूच म्हणाले, "खाल्लं कधीच नव्हतं."

त्यांचे डोळे भरून आले. शूशानपुढे हात जोडून म्हणाले, "पोरी, मी तुला चोर म्हटलं. माझ्या तोंडाला आग लागो." मग दुसरी पिशवी तिच्या हातात ठेवली. "ही करडई आहे, खरीखुरी करडई. लग्नाची ओढणी रंगव. लाल रंग याच्याइतका दुसऱ्या कशाला चढत नाही. आणि यापुढे मी ती करडई म्हणूनच विकीन."

"ख्वाजा," सुंगुरने खाकरून विचारलं, "मंडळी खोळंबलीत. माल?"

ख्वाजांनी चौकातल्या सगळ्यांकडे पाहिलं. उंटवाले, खलाशी, यहुदी म्हातारा, तांबट, आचारी, नवरी. त्यांनी तोंड पुसलं आणि मोठ्याने म्हणाले, "माझा माल जागेवर आहे!"

अडसर निघाला. दार उघडलं, बर्फावरचं ऊन आत आलं आणि शूशानचं गाढव सगळ्यात आधी बाहेर पडलं. रविवारी कैसेरीत लग्न लागलं, हे परत येणाऱ्या पहिल्याच काफिल्याने सांगितलं. ओढणी लालभडक होती म्हणे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं भांडं कोपऱ्यात काळं पडलेलं असेल. त्याला मोडीत घालू नका. आतून नीट बघा, घासा, कल्हई करून द्या. आणि मग त्यात एकट्यापुरतं शिजवू नका. कोणी उपाशी राहिलं असेल, अगदी तुम्हाला चोर म्हणालेलं असलं तरी, त्याच्यासाठी बुडाशी थोडी खरवड राखून ठेवा.