डावीकडचा चुकाओ

बैल घरी आले, देल्फीन आला नाही. जू तसंच मानेवर आणि मागे रिकामी साखळी चिखलात ओढत. नोल्फाने सोलायला घेतलेला बटाटा तसाच टाकला आणि सासऱ्यांना हाक मारली.

"अहो मामंजी, बैल एकटेच आलेत!"

"लाकूड सोडून झोपला असेल कुठेतरी. जन्माचा आळशी," म्हातारे कांदेलारियो म्हणाले खरे, पण त्यांनी उजवा बूट डाव्या पायात घातला होता.

चिलोए बेटाच्या रानात संध्याकाळ लवकर होते. ओंडके ओढायची वाट दोन्हीकडून बांबूच्या जाळीने दाबलेली, त्यात पाऊस. नोल्फा नवऱ्याच्या नावाने ओरडत पुढे चालली होती. दोघं ओढ्यापाशी आली आणि अगदी जवळून, डाव्या हाताच्या जाळीतून चुकाओ ओरडला.

मुठीत मावेल एवढा पक्षी. तांबूस छाती, शेपटी कायम वर, उडायचा कंटाळा. जमिनीवरच तुरुतुरु पळतो. दिसतो क्वचित, पण गळा असा की सारं रान दणाणतं. तो उजवीकडून ओरडला तर काम फत्ते. डावीकडून ओरडला तर आल्या पावली घरी फिरायचं, चुलीपाशी बसायचं आणि नव्याने निघायचं. या बेटावर पाद्रीसुद्धा एवढं पाळतात, फक्त कबूल करत नाहीत.

म्हातारे थबकले. "डावा."

"मामंजी, उजेड आहे तोवर जरा पुढे..."

"डावा आहे म्हटलं ना! नवरा जिवंत हवाय की मेलेला?"

ती एकटी पुढे जाऊ शकली असती. पण तीही याच बेटाची लेक. तिचा पाय उचलेना. दोघं मागे फिरली.

घरी चुलीपाशी बसून त्यांनी 'माते' हा पाल्याचा कडवट चहा घेतला. रीत म्हणून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. पुन्हा निघाली तेव्हा काळोख पडला होता, ओढा फुगला होता, कंदील विझला. शेजाऱ्यांना घेऊन जायला सकाळ उजाडली.

त्याच जागी, त्याच हाताला चुकाओ पुन्हा ओरडला. म्हातारे पुन्हा थांबले. नोल्फाला मात्र आता देल्फीनचं बोलणं आठवलं. तो चुकाओबद्दल हसून सांगायचा, "माती उकरली की आलाच मेला जेवायला! राबायचं मी आणि किडे गिळायचे यानं. फुकट्या!"

बांबू बाजूला सारून ती डावीकडे घुसली.

देल्फीन वाटेपासून हाताच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ होता. साखळीचा आकडा निसटून ओंडका उतारावरून त्याच्या छातीवर आला होता. ओरडायला दम उरला नसणार. हात तेवढे मोकळे होते. दोन्ही अंगांनी त्याने बोटांनी माती उकरली होती, कोपरापर्यंत. त्या ताज्या मातीत चुकाओ किडे टिपत होता. देल्फीन गार पडला होता.

प्रेताजवळ बसायला गाव जमला. कांदेलारियो रडत प्रत्येकाला सांगत होते, "पाखरू खोटं बोलत नाही. त्याने कालच सांगितलं होतं." माना डोलत होत्या.

"हो मामंजी, सांगितलं होतं," नोल्फा म्हणाली. "तो इथे आहे, असं सांगितलं होतं. आपण वळलो तेव्हा तो जिवंत होता, माती उकरत होता. माझ्या हाका त्याला ऐकू येत होत्या. आणि मग त्या लांब गेलेल्याही."