भुवईवरचा वण

उज्वलाच्या भुवईवर एक गोल, खोलगट वण होता आणि त्या वणावर तिचा भारी भरवसा. मार्चात किनवटच्या मुलींच्या वसतिगृहात कांजण्यांची साथ आली, तेव्हा स्वयंपाकीणसुद्धा रजा टाकून घरी पळाली. अधीक्षिका उज्वला मात्र चौथा महिना असून मुलींच्या अंगाला लेप लावत बसली. "मला लहानपणीच होऊन गेल्यात गं, हे बघा," म्हणत ती वण दाखवायची. नऊ वर्षांच्या नवससायासानं राहिलेलं पोट होतं ते. पण माणसानं स्वतःच्या अंगावरच्या पुराव्यावर भरवसा ठेवायचा नाही, तर कशावर ठेवायचा?

साथीच्या आठव्या दिवशी ती पोटाच्या नेहमीच्या तपासणीला नांदेडला गेली. साथीचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्हाला कांजण्या नक्की होऊन गेल्यात?" तिनं हसून भुवईवर बोट ठेवलं.

"मग घाई नाही. खात्रीसाठी रक्त तपासू."

कांजण्यांशी लढायची ताकद रक्तात आहे का, हे सांगणारी ती तपासणी. रिपोर्ट तेराव्या दिवशी आला. ताकद नव्हतीच. म्हणजे कांजण्या तिला कधी झाल्याच नव्हत्या. बचावाचं इंजेक्शन रोग्याशी संपर्क आल्यापासून दहा दिवसांच्या आत द्यायचं असतं. आता नुसती वाट बघायची, आणि उठल्याच तर धोका तिलाही, बाळालाही.

ती तडक लातूरला आईकडे गेली.

"माय, ह्यो वण कशाचा हाय?"

सिंधुबाईंनी भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. "तुझ्या बापानं चुलीतली तापली फुंकणी टेकवली व्हती. दोन वर्साची व्हतीस. लई रडून राहिली व्हतीस म्हणून." मग खाली बघून म्हणाल्या, "सोयरिकीला लोकं इचारायचे. काय सांगू? कांजण्या म्हनलं. सांगता सांगता मलाबी तेच खरं वाटाया लागलं."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सिंधुबाईंनी नवऱ्याची मूठ तीस वर्षं झाकली आणि भोग आला लेकीच्या पोटाला. उज्वलाला संताप यायला हवा होता. आलं ते रडू.

सिंधुबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. केस मागे सारताना त्यांची बोटं कानामागे अडली. पाण्यानं टरारलेला एक फोड होता, शेजारी दुसरा.

"काय गं माय?"

"काही न्हाई," सिंधुबाई म्हणाल्या आणि केस पुन्हा त्यावर ओढले. "घामोळं हाय."